मधला पाट

गोदावरीनं नारळाच्या शेंडीवर राख घेतली आणि त्या डागावर पुन्हा जोर लावला. डाग कपाच्या बुडाएवढा, फिकट तपकिरी आणि बरोबर दगडाच्या मधोमध होता.

"जात नाही मेला," ती म्हणाली.

"हळू घास. संगमरवर आहे तो, पाटा नव्हे," आतल्या दाराशी उभा राहून गालावरचा साबण पुसत पंढरीनाथ म्हणाला.

"पाटा असता तर डाग पडलाच नसता. पाट्यावर कोणी चहाचे कप ठेवत नाही."

डाग पंढरीनाथचाच होता. टेबल घरात आल्यापासून रोज संध्याकाळी तो त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसे, कप त्याच्यावर ठेवी आणि प्रत्येक घोटासाठी गुडघ्यांच्या खाली वाके. सदऱ्याचं वरचं बटण कपात बुडायचं तेवढं बाकी राही. पण साहेबाच्या बंगल्यात माणसं अशीच बसतात हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि डोळ्यांनी पाहिलेलं पंढरीनाथ सहसा सोडत नसे.

साहेब म्हणजे त्याच्या कारखान्याचे मोठे साहेब. मागच्या वर्षी ते कायमचे विलायतेला परत गेले, तेव्हा बंगल्यातलं सामान निघालं. पंढरीनाथ कारखान्यात स्टोअरकीपर, त्यामुळे खोकी बांधून देण्याचं काम त्याच्याकडे आलं. निघताना मडमेनं विचारलं, तुला यातलं काय हवं? दुसरा कोणी असता तर त्यानं कपाट मागितलं असतं, नाहीतर पंखा. पंढरीनाथनं हे मागितलं. पांढऱ्या संगमरवराची लांबट फळी, तीत राखी रंगाच्या रेघा, आणि खाली बारीक, तिरके, चकचकीत स्टीलचे पाय. उंची जेमतेम गुडघ्याखाली. मडम त्याला कॉफी टेबल म्हणायची. ठाण्याला, नौपाड्यातल्या घरापुढं ते हातगाडीवरून उतरलं तेव्हा शेजारच्या बाईंनी अगदी सरळ मनानं विचारलं होतं, "पाय मागाहून यायचेत का हो?" घरात कॉफी कोणी पीत नव्हतं. गोदावरीची नडगी मात्र त्याच्या कोपऱ्यावर अधूनमधून सडकून आपटे, आणि तेव्हा ती मडमेचा उद्धार करी.

आज रविवार होता आणि धाकट्या मुलीला, शकूला, बघायला माणसं येणार होती. बघणं हे आपलं नावाला. कळव्याच्या एका लग्नात मुलानं मुलीला आणि मुलीनं मुलाला आधीच नीट बघून घेतलं होतं. मुलगा मारुती, कल्याणला रेल्वेत फिटर होता, बोलायला कमी आणि हसायला बरा. शकूनं घरी सांगून टाकलं होतं की करीन तर तिथंच, नाहीतर मला पुन्हा विचारू नका. हे तिनं भाजी निवडता निवडता, आवाज न चढवता सांगितलं, म्हणून गोदावरी घाबरली होती. रडणारी मुलगी समजावता येते.

अडचण होती ती मुलाच्या बापाची. राघो पाटील शीळफाट्याजवळच्या गावचा. भातशेती होती, खाडीकडे थोडं मिठागर होतं आणि सोयऱ्यांत शब्दाला वजन होतं. पंढरीनाथच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला तो आला होता. त्या लग्नात पंढरीनाथनं कारखान्यातल्या मंडळींना खुर्च्यांवर बसवलं, त्यांची पंगत आधी मांडली, आणि गावाकडच्या माणसांना मांडवाबाहेर उन्हात उभं ठेवलं. राघो पाटील दुसऱ्या पंगतीची वाट बघत थांबला नाही. तो उपाशी परत गेला, आणि वाटेत जो भेटेल त्याला का परत चाललो ते सांगत गेला. पंढरीनाथला आपली चूक त्याच दिवशी कळली होती. पण ती कबूल करायला गावाकडे जावं लागलं असतं, आणि गावाकडे जाणं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं.

आताही राघो येणार होता तो केवळ मुलाच्या हट्टापायी. निरोप त्यानं आधीच धाडला होता. पोरगी बघायला येईन, पाण्याचं मात्र तिथंच ठरवीन. मुलीच्या घरचं पाणी न घेता उठणं म्हणजे त्यांच्यात नकार. तो वेगळा बोलून दाखवावा लागत नाही.

या सगळ्यावर पंढरीनाथनं काढलेला उपाय म्हणजे हे टेबल. ते बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवायचं, भोवती खुर्च्या मांडायच्या, आणि शकूनं ट्रे आणून वाकून त्यावर ठेवायचा. आठवडाभर त्यानं तिच्याकडून तसा सराव करून घेतला होता. शिवाय कारखान्यातल्या हेडक्लार्क दातारांना त्यानं येऊन बसायची विनंती केली होती.

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" गोदावरी शेंडी बाजूला टाकत म्हणाली. "ज्याच्यावरनं तो माणूस उठून गेला, तेच पुन्हा त्याच्यापुढं मांडताय. खुर्च्या आणि साहेबलोक."

"त्याला कळू तर दे, सून कसल्या घरातनं येणार आहे ते."

"ते त्याला कळलंय. म्हणूनच रुसलाय तो."

डाग काही गेला नाही. गोदावरीनं दगड ओल्या फडक्यानं पुसला, मग ट्रंकेतून शकूनं विणलेला क्रोशाचा मोठा रुमाल काढला आणि त्यावर अंथरला. डाग झाकला गेला. वर पितळेच्या पेल्यात शेवंतीची फुलं ठेवायची होती, ती आणायला ती आत गेली.

दातार वेळेच्या आधी आले, कारण ते नेहमीच वेळेच्या आधी येत. सज्जन माणूस, पण वाकडं काही दिसलं की त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं, मग वेताच्या खुर्चीत बसून टेबलाकडे पाहिलं आणि ओळखीचं हसले.

"हे इथं आलं होय? साहेबांच्या व्हरांड्यात असायचं. रक्षापात्र आणि मासिकं असत यावर."

"हो, तेच," पंढरीनाथ म्हणाला. त्याला बरं वाटलं. शकूनं दातारांना चहा आणून दिला. त्यांनी तो संपवला आणि रिकामी कपबशी ठेवायला ते पुढं वाकणार, तेवढ्यात बाहेर काठीचा आवाज झाला. पाहुणेही आज वेळेच्या आधीच आले.

राघो पाटील दारात उभा राहिला तेव्हा खोलीतला उजेड कमी झाला. काळासावळा, उंच, डोक्याला पांढरं मुंडासं आणि खांद्यावर पंचा. त्याच्यामागं मारुती होता. राघोनं वहाणा काढल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. त्यानं आधी खुर्च्यांकडे पाहिलं, मग खुर्चीत बसलेल्या दातारांकडे, त्यांच्या इस्त्रीच्या कोटाकडे, हातातल्या कपबशीकडे. त्याचा जबडा आवळला. पंढरीनाथला थोरलीच्या लग्नातला मांडव आठवला आणि गोदावरीचं म्हणणं खरं होतं हे त्याला तिथंच, उभ्या उभ्या पटलं. आता उशीर झाला होता. खुर्च्या काही गिळून टाकता येत नव्हत्या.

"या ना, बसा," तो म्हणाला.

राघोची नजर खाली उतरली आणि खोलीच्या मध्यावर थांबली. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. मग तो आत आला, खुर्च्यांच्या मधून वाट काढत नीट मधोमध गेला, काठी खाली ठेवली, धोतराचा सोगा सावरला, आणि संगमरवरावर, क्रोशाच्या रुमालावर, मांडी घालून बसला.

स्टीलच्या पायांनी बारीक आवाज केला. दगड हलला नाही. आतल्या दारात शेवंतीची फुलं घेऊन आलेली गोदावरी फुलांसकट परत वळली. मारुतीनं आधी पायांच्या जोडांकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि जोड भक्कम आहेत अशी खात्री झाल्यावर तो गुपचूप एका खुर्चीत बसला. दातारांचा पुढं केलेला हात कपबशीसकट तसाच अधांतरी राहिला.

पंढरीनाथनं तोंड उघडलं, पण राघो आधी बोलला.

"पंढरी, मना वाटला तू इसरलास."

"काय?"

"यो." राघोनं बसल्या जागी दगडावर हात थोपटला. "व्याही आयला का मदी त्याचा पाट मांडाचा, वर कपरा घालाचा. माजे आज्यानं मांडला, माजे बापानं मांडला. खुर्च्या सगल्यांना, पाट एकाला. आता कोन मांडतं? आमचे गावातली पोरा पन नाय मांडत." त्यानं मुंडासं सावरलं. "ठान्याला येऊन पंढरी साहेब झाला, आपली मानसा त्याला नको झाली, असा मी गावभर बोलत फिरलो. आन तू मना पाट मांडून बसलायस. तो बी दगराचा!"

पंढरीनाथच्या कानशिलांना धग लागली. न दिलेला मान समोरचा माणूस दोन्ही हातांनी घेत होता आणि वर त्याचे उपकार मानत होता. असली लाज पंढरीनाथला त्या मांडवातही वाटली नव्हती. त्याला खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की हा पाट तुझ्यासाठी नाही, कपांसाठी आहे?

"बसा, बसा," तो नुसतं म्हणाला आणि स्वतः उभाच राहिला.

आतून बांगड्या वाजल्या. शकू ट्रे घेऊन आली. गुळाची वाटी, पाण्याचे पेले. ठरल्याप्रमाणे खाली मान घालून ती मधल्या टेबलापर्यंत आली, वाकली, आणि तिला टेबलाच्या जागी धोतर दिसलं.

ती तशीच वाकलेली क्षणभर थांबली. तिनं मान वर करून राघोकडे पाहिलं, त्याच्या खालच्या रुमालाकडे पाहिलं, आणि मग बापाच्या चेहऱ्याकडे. तिथं सगळं स्पष्ट होतं. शकू सावकाश खाली बसली. तिनं ट्रे फरशीवर, राघोच्या पुढ्यात ठेवला, पदर सावरला, आणि दोन्ही हातांनी पेला उचलून वर धरला. आठवडाभर जणू तिनं याचाच सराव केला होता.

"मामा, पाणी घ्या."

राघोनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि पेला हातात घेतला. मारुती पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. पेला राघोच्या मुंडाशाखालच्या चेहऱ्याकडे निघाला.

आणि दातारांना राहवलं नाही. त्यांच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. एक मोठा माणूस चुकीच्या जागी बसला आहे, त्याला कोणी सांगत नाही, आणि हातातली कपबशी ठेवायची कुठं हे कळत नाही, यानं ते मघापासून कासावीस झाले होते.

"पंढरीनाथ," ते हळूच म्हणाले, पण खोली लहान होती, "अहो, पाहुण्यांना सांगा तरी. ते बसायचं नव्हे, ते तर..."

पेला थांबला.

"काय सांगाचा?" राघोनं विचारलं. त्यानं दातारांकडे पाहिलं, मग पंढरीनाथकडे. "काय बोलतान ते?"

पंढरीनाथनं शकूकडे पाहिलं. तिचे हात अजून पेला दिला तसेच पुढं होते. ती त्याच्याकडे बघत नव्हती, आणि काही मागतही नव्हती. मग त्यानं दातारांकडे पाहिलं. कारखान्यात इतकी वर्षं काढली, पण आपला बाप काय करत होता हे त्यानं तिथं कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच तर घरची शेती होती, असं सांगे. दातारांशी बोलताना तर तो एकेक शब्द निवडून, पुस्तकातला असावा तसा बोलत असे.

"दातारसाहेब," तो म्हणाला, "आमच्यात व्याह्याला खुर्ची देत नाहीत. मध्ये पाट मांडतात." एकदा सुरुवात झाल्यावर पुढचं आपोआप आलं. "माझे वडील कळव्याच्या मिठागरावर होते. डोक्यावरनं मीठ वाहायचे. त्यांच्या घरी लाकडाचा पाट होता, एका बाजूनं चिरलेला. माझ्याकडे हा आहे."

दातारांनी त्या दगडाकडे पाहिलं. साहेबांच्या व्हरांड्यात त्याच्यावर त्यांनी स्वतः फायली ठेवल्या होत्या. मग त्यांनी पंढरीनाथकडे पाहिलं, आणि चष्म्यामागं त्यांचे डोळे जरा बारीक झाले.

"असं होय," ते म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं. क्षमा करा हं पाटील." आणि त्यांनी हातातली कपबशी खाली, खुर्चीच्या पायाशी, फरशीवर ठेवली. सबंध हयातीत बहुधा पहिल्यांदाच त्यांनी एखादी वस्तू जिथं असायला नको तिथं राहू दिली.

पंढरीनाथ मग खुर्चीत बसलाच नाही. तो शकूच्या शेजारी फरशीवर टेकला. गावातल्या घरात बसत असे तसा, एक गुडघा वर करून. किती वर्षांनी बसला कोण जाणे, गुडघा कटकन वाजला.

राघो पाटील पाणी प्याला. एका दमात, पेला वर करून, सगळं. मग गुळाचा खडा तोंडात टाकला आणि मिशी पुसली.

"पोरगी झ्याक हाय," तो म्हणाला. "खाली बसाची तिला लाज नाय."

आत गोदावरीनं हातातली फुलं कुठं ठेवावीत ते न सुचून देवापुढं ठेवली.

मग बोलणं सुरू झालं ते लग्नापर्यंत जाऊन पोचलं. माघ की फाल्गुन, मांडव कुठं, लग्नाची गाणी, धवले, म्हणायला कुठल्या गावच्या बाया आणायच्या. पंढरीनाथनं नौपाड्यातला बँड ठरवायचा बेत केला होता, त्याचं नाव त्यानं काढलं नाही. जेवणाची पंगत एकच मांडायची, असं तो आपण होऊन म्हणाला. राघोनं नुसती मान हलवली आणि दुसरा गुळाचा खडा घेतला.

निघायची वेळ झाली. राघो दगडावर हात टेकून उठला, आणि उठताना त्याच्या धोतराबरोबर क्रोशाचा रुमाल ओढला जाऊन खाली पडला. "राहू द्या, राहू द्या," म्हणत गोदावरी पुढं धावली, पण तोवर रुमाल उचलायला राघोच वाकला होता.

तो वाकला आणि तसाच थोडा वेळ राहिला. उघड्या संगमरवरावर तो गोल डाग दिसत होता. राघोनं त्याच्यावरून अंगठा फिरवला. मग त्याची नजर दातारांच्या खुर्चीच्या पायाशी ठेवलेल्या कपबशीकडे गेली आणि परत आली. त्यानं रुमाल झटकला, दगडावर पसरला, चारी कोपरे सारखे केले. पंढरीनाथला वाटलं, दगडाची घडण बघतोय.

राघो सरळ उभा राहिला. त्यानं काठी घेतली.

"पंढरी, हुंडा-मानपान मना काय नको," तो म्हणाला. "पोरीसंग यो पाट दे. माजे ओटीवर ठेवीन."

मडमेनं विचारलं तेव्हा एवढ्या बंगल्यातून पंढरीनाथनं ही एकच वस्तू मागितली होती. त्यानं एकदा त्या स्टीलच्या पायांकडे पाहिलं, खिडकीतल्या उन्हात ते झळकत होते. गोदावरी नडगी चोळल्यासारखं करून तोंडाला पदर लावत होती.

"देईन," तो म्हणाला.

लग्न फाल्गुनात झालं. पंगत एकच होती, आणि दातार तिच्यात कोट काढून, धोतर नेसून बसले. पाठवणीच्या गाडीत टेबल चढवलं तेव्हा पंढरीनाथनं त्याला स्वतः गोधडी गुंडाळली आणि सुंभानं बांधली. शकूला निरोप देताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्यातलं थोडं टेबलासाठी होतं, असं गोदावरी पुढं कित्येक दिवस चिडवायची. ते पूर्ण खोटं नव्हतं. खोलीतली मधली जागा मोकळी झाली, तरी दोघंही तिला वळसा घालूनच चालत राहिली.

दिवाळी आली तसा पंढरीनाथ शकूला दिवाळसणासाठी आणायला निघाला. मुंब्र्याला उतरला, बैलगाडी मिळेना, म्हणून बूट धुळीत माखवत चालत गेला. भात कापणीला आलं होतं, काही ठिकाणी कापून पेंढ्या बांधल्या होत्या, आणि खाडीकडून येणारा वारा अंगाला चिकटत होता. लहानपणी हा वारा त्याच्या बापाच्या कपड्यांतून घरी यायचा. ही वाट आपल्याला इतकी ओळखीची असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

राघोच्या घरापुढच्या खळ्यात तो पोचला आणि तिथंच थबकला. ओटीवर चार माणसं चटईवर बसली होती आणि त्यांच्या मधोमध ते टेबल होतं. त्याच्यावर चहाचे कप होते. पानाचा डबा होता, अडकित्ता होता, विड्यांचं बंडल आणि काडेपेटी होती. गावातल्या कोणा म्हाताऱ्यानं बोलता बोलता आपला कप उचलला, प्यायला, आणि न बघता परत जागेवर ठेवला. रोजची सवय असल्यासारखा. राघोही तसाच प्याला. संगमरवरावर आता कितीतरी गोल डाग पडले होते, एकात एक अडकलेले.

पंढरीनाथ उन्हात उभा राहिला. कोणी सांगितलं असेल? शकू सांगणार नाही. मारुती? आणि मग त्याला तो वाकलेला माणूस आठवला, दगडावरून फिरलेला अंगठा आठवला, आणि फरशीवरच्या कपबशीकडे जाऊन परत आलेली नजर. म्हणजे तेव्हापासून. पोरीसंग यो पाट दे, असं म्हणण्याच्या आधीपासून. आपण त्या दिवशी केवढ्या ऐटीत दातारांना खोटं सांगितलं ते आठवून त्याचे पाय मागं सरले. शेजारच्या घरी जरा टेकून मग यावं, तोवर ही माणसं उठतील, असा विचार त्यानं केलाही.

पण राघोनं त्याला पाहिलं होतं.

"गो शकू," तो आत ओरडला, "तुजा बापूस आयला!"

तो उठला. त्यानं टेबलावरचे कप एकेक करून उचलले आणि खाली जमिनीवर ठेवले. पानाचा डबा काढला, अडकित्ता काढला, विड्यांचं बंडल म्हाताऱ्याच्या हातात दिलं. खांद्यावरचा पंचा घेऊन दगड या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला. तोवर शकू दारात आली होती. तिनं बापाला पाहिलं, सासऱ्याला पाहिलं, आणि काही न विचारता आत जाऊन क्रोशाचा तो रुमाल घेऊन आली. राघोनं तो पसरला, चारी कोपरे सारखे केले. सगळे डाग त्याच्याखाली गेले.

"ये, व्याही," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

पंढरीनाथनं बूट काढले. ओटीवर चढताना त्याला काहीतरी बोलायचं होतं. "राघोशेठ, हे खरं तर..." एवढं त्यानं म्हटलंही.

"मदी बस," राघो म्हणाला.

पंढरीनाथ बसला. मांडी घालून, नीट मधोमध. इतके दिवस घरात असताना तो त्याच्यावर एकदाही बसला नव्हता. उन्हातून चालून आलेल्या माणसाला दगड चांगलाच गार लागत होता.

राघो खाली चटईवर, त्याच्या समोर बसला, आणि घराच्या आतल्या बाजूला तोंड करून त्यानं हाक दिली.

"पानी आन गो."